सूचीत न आलेल्या दीर्घिका

पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या भारतीय गटाने २०१७ साली ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. तो सापडला स्लोन सर्वेक्षणाच्या सूचीतून. म्हणून अशी सूची कशी वाचावी, हा प्रश्न आपलाही आहे. विश्वाच्या नकाशाला आपण छायाचित्र मानतो, याला माझा आक्षेप आहे. नकाशामागे सूची असते आणि सूची म्हणजे निवड.

१९८६ साली लापारां, गेलर आणि हुक्रा यांनी प्रसिद्ध केलेला नकाशा पाहा. सहा अंश रुंदीच्या पट्ट्यातील सुमारे १,१०० दीर्घिकांमधून हातपाय पसरलेला माणूस दिसतो. त्याचे धड म्हणजे कोमा समूह. तो समूह प्रत्यक्षात एवढा लांबट नाही. अंतर ताम्रसृतीवरून काढले आहे आणि समूहातील दीर्घिकांच्या स्वतःच्या वेगाची भर त्यात पडते. त्यामुळे समूह आपल्या दृष्टिरेषेत ताणलेला दिसतो. शिवाय सूचीत १५.५ प्रतीपर्यंतच्याच दीर्घिका होत्या. दूरच्या मंद दीर्घिका गळाल्या, म्हणून नकाशा कडेला विरळ होतो; विश्व नव्हे.

स्लोनची अडचण यंत्राची होती. अॅल्युमिनियमच्या तबकडीला भोके पाडून त्यांत ६४० प्रकाशतंतू बसवत. दोन तंतूंमध्ये किमान ५५ विकलांचे अंतर लागे. परिणामी जिथे गर्दी जास्त, तिथल्याच काही दीर्घिकांचे वर्णपट राहून गेले. गर्दीचा अभ्यास करणाऱ्याला ही त्रुटी किरकोळ म्हणता येणार नाही.

यावरचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. संगणकाने एक दुसरी, बनावट सूची तयार करतात: सीमा त्याच, निवडीचे निकष तेच, पण बिंदू स्वैर विखुरलेले. खरी सूची तिच्याशी ताडून पाहिली की निवडीमुळे दिसणारी रचना वजा होते. २००५ साली ४६,७४८ दीर्घिकांच्या जोड्यांमध्ये सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर जेमतेम टक्काभर आधिक्य आढळले. आद्य विश्वातील ध्वनिलहरींची ती खूण. बनावट सूचीत थोडी गफलत असती, तर ती खूण हरवली असती किंवा नसलेली दिसली असती.

तेव्हा यापुढे विश्वाचा नवा नकाशा समोर आला, की त्यात काय दिसते याच्या आधी एक विचारावे: यात काय येऊच शकत नव्हते?