‘रॅशिओसिनेशन’ आणि ‘तर्क’ : एका पर्यायाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘रॅशिओसिनेशन’ ह्या शब्दाकरिता मराठी समीक्षालेखनात ‘तर्क’ हा पर्याय सहज योजिला जातो. तो सोयीचा असला तरी यथार्थ नाही, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

ह्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘रातिओकिनारी’ हे क्रियापद होय. त्यातील ‘रातिओ’ हे पद ‘रेरी’, म्हणजे गणणे, मानणे, ह्यापासून सिद्ध झाले. गणना, हिशेब हा त्याचा अर्थ. कारण, बुद्धी हे अर्थही त्यालाच लाभले. ‘रातिओकिनातोर’ म्हणजे हिशेबनीस. सिसरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात कर्तव्यांचा जमाखर्च जाणणाऱ्यास हाच शब्द लाविला आहे. हॉब्जने १६५५ मध्ये विचारक्रियेला बेरीज-वजाबाकी म्हटले, तेही ह्या व्युत्पत्तीस धरूनच.

‘तर्का’ची प्रकृती निराळी आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तर्काची गणना प्रमाणांत नाही, संशय व विपर्यय ह्यांच्यासह तो अयथार्थ अनुभवात मोडतो. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ हे त्याचे परिचित उदाहरण. तो अनुमानास साहाय्य करितो, स्वतः निर्णय देत नाही. बोलीत तर ‘माझा आपला एक तर्क’ म्हणजे निव्वळ अंदाज.

ह्या इंग्रजी शब्दास न्यायशास्त्रातील ‘परार्थानुमान’ अधिक जवळचे आहे. ‘अनुमाना’तही ‘मा’, म्हणजे मोजणे, हाच धातू आहे. स्वतःच्या प्रतीतीपुरते ते स्वार्थानुमान. दुसऱ्यास पटविण्यासाठी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन अशा पाच अवयवांनी मांडिलेले ते परार्थानुमान. लॅटिनमध्येही ‘रातिओ देणे’ म्हणजे दुसऱ्यापुढे हिशेब ठेवणे. दुसऱ्यास तपासता यावे, हे दोहोंचे मर्म. मात्र इंग्रजी शब्दावर पाच अवयवांचे बंधन नाही; म्हणून सामान्य लेखनात ‘अनुमानक्रम’ हा पर्याय स्वीकारावा, असे मी सुचवितो.

मराठीस ही दृष्टी परकी नाही. ‘जमेस धरणे’, ‘ताळा पाहणे’ हे प्रयोग उमरेडसारख्या बाजारपेठेत जमाखर्चास जितके लागू पडतात, तितकेच विचारासही.

प्रश्न केवळ शब्दाचा नाही. एडगर ॲलन पो ह्याच्या १८४१ मधील द्युपँच्या कथेस ‘तर्ककथा’ म्हटले की नायकाचे निष्कर्ष दैवाने साधलेले अंदाज वाटू लागतात, आणि ज्या पायऱ्यांवर कथा उभी आहे त्यांकडे समीक्षकाचे दुर्लक्ष होते. हाच धोका आपल्या प्रबंधांसही आहे. निष्कर्षास ‘तर्क’ म्हटले की त्याच्या पायऱ्या दाखविण्याचे दायित्व सुटले असे वाटते. ‘अनुमानक्रम’ म्हणणाऱ्यास मात्र क्रम दाखवावाच लागतो, आणि वाचकास त्याचा ताळा पाहता येतो.