गॅझेटियर वाचायचं कसं? वेंगुर्ल्याचं उदाहरण

कोकणातल्या गावावर शोधनिबंध लिहायला घेतला की पहिला हात जातो जुन्या गॅझेटियरकडे. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा हा खंड १८८० चा, जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेला. माहितीच्या बाबतीत त्याला तोड नाही. प्रश्न आहे तो आपण ती माहिती उचलतो कशी याचा.

वेंगुर्ल्यावरच्या लेखांचा क्रम ठरलेला असतो: सतराव्या शतकातली डचांची वखार, सावंतवाडीकरांची सत्ता, १८१२ मध्ये इंग्रजांचा ताबा, आणि मग 'भरभराटीचं बंदर'. हे सगळं बहुतेक वेळा खंडातल्या स्थळवर्णनाच्या जोरावर लिहिलेलं असतं. आता खंडाची रचना बघा. जातीजमाती लोकसंख्येच्या प्रकरणात, बंदरं व्यापाराच्या, राजवटी इतिहासाच्या. एकच गाव चार ठिकाणी वाटलं गेलंय! नुसतं स्थळवर्णन वाचलं तर सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली एवढं कळतं. गाबीत, भंडारी, वाणी, गाडीवान यांनी गाव वसवलं कसं, हा प्रश्न पडतच नाही.

दुसरी अडचण काळाची, आणि ती जास्त गंभीर आहे. खंडातल्या लोकसंख्येचा आधार १८७२ ची जनगणना. तेव्हा बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याला यायचा आणि इथून जहाजात चढायचा. पण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे जोडण्याची वाट मोकळी झाली, आणि १८८८ मध्ये ही रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला पोचली. घाटावरच्या मालाला दुसरं बंदर मिळालं. म्हणजे गॅझेटियरमधलं वेंगुर्लं हे रेल्वेच्या जेमतेम आधीचं वेंगुर्लं आहे. ते चित्र खोटं नाही, पण तेवढ्यावरून शंभर वर्षांच्या वाढीबद्दल बोलता येत नाही.

अर्थात 'रेल्वे आली, बंदर बुडालं' हेही घाईचं विधान होईल. बंदराचा व्यापार आणि गावाची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळकोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, आगबोटीने ये-जा करू लागली, त्यांच्या मनीऑर्डरींवर घरं चालली. पुढे काजू-आंब्याच्या फळसंशोधन केंद्राने वेंगुर्ल्याला नवी ओळख दिली. यातलं १८८० नंतरचं काहीच त्या पानांत असणं शक्य नाही.

मग करायचं काय? आधी चारही प्रकरणांतून आपल्या गावाच्या नोंदी काढून एका कागदावर आणा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठल्या सालची आहे ते लिहा. मग १९६२ ची सुधारित आवृत्ती शेजारी ठेवा आणि काय गळलं, काय नव्याने आलं ते टिपा. मधल्या ८२ वर्षांसाठी नगरपालिकेचे ठराव, बंदराच्या जकातीच्या नोंदी, जमिनीचे जुने फेरफार शोधावे लागतील. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक याच मधल्या वर्षांत सापडेल.