चाचणी-तबकडी आणि गायनातील पाठभेद

कवीचा कच्चा खर्डा हाती आला की काव्याचा अभ्यासक तो छापील पाठाशी ताडून पाहतो. गायनाच्या बाबतीत मात्र बाजारात आलेली ध्वनिमुद्रिका हेच त्या कलावंताचे गाणे, असे आपण गृहीत धरतो आणि तिच्यावरून निर्णय देऊन मोकळे होतो. ती मंजूर होण्यापूर्वी निघालेल्या किंवा नामंजूर होऊन बाजूला पडलेल्या चाचणी-तबकडीचा विचार बहुधा संग्राहकांनीच केला, आणि तिचे मोल दुर्मिळतेवर ठरविले. हे मोल समीक्षेने पुन्हा तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विचारासाठी लखनौ हे शहर विशेष सोयीचे आहे. विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या प्रयत्नाने 1926 मध्ये मॅरिस संगीत महाविद्यालय येथेच उभे राहिले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. गुरुमुखातून चालत आलेली चीज स्वरलिपीत उतरविणे, म्हणजेच गायनाला लिखित पाठ देणे, हे भातखंडे ह्यांचे जीवितकार्य होते. ह्याच शहरात बेगम अख्तर ह्यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध घालविला. त्यांच्या ठुमरी-दादऱ्यात आणि गझलेत स्वरलिपीच्या हाती फार थोडे लागते. चीज तेथे निमित्त असते आणि बोल फुलविणे हेच गाणे असते. अशा गायकीचा पाठ कोणता मानावा, हा प्रश्न लखनौला टाळता येत नाही.

अख्तर ह्यांच्या तबकड्यांवर दोन नावे आढळतात. कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीने 1930 नंतरच्या दशकात त्यांचे गाणे काढले, तेव्हा त्या ‘अख्तरीबाई फैजाबादी’ होत्या. 1945 मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी ह्यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे गाणे काही वर्षे बंद पडले. 1949 मध्ये लखनौच्या रेडिओ केंद्रावरून त्या पुन्हा गाऊ लागल्या, आणि पुढे ‘बेगम अख्तर’ हेच नाव रूढ झाले.

ह्या काळात ध्वनिमुद्रणाची रीतही बदलत होती. आरंभी गाणे मेणाच्या जाड चकतीवर कोरीत. ती वाजविली तर खाचा बिघडत. म्हणून तिच्यापासून धातूचा साचा आणि साच्यापासून लाखेची चाचणी-तबकडी निघेपर्यंत गाणाऱ्याला आपले गाणे ऐकताच येत नसे. पुढे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, आणि महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे काचेवरही, रोगणाचा पातळ थर दिलेली तबकडी आली. तिला ‘ॲसिटेट’ म्हणतात. वस्तुतः तो थर नायट्रोसेल्युलोजचा असतो. ती कोरल्याबरोबर वाजविता येते, परंतु प्रत्येक वेळी सुई तिचा काही अंश खरवडून नेते. रोगण लवचीक राहावे म्हणून घातलेले एरंडेल कालांतराने विघटित होऊन पृष्ठावर पांढरी पूड धरते. थर आकसतो, तडकतो आणि पत्र्यापासून सुटतो. म्हणजे ऐकणे हीही झीज, आणि न ऐकता पेटीत ठेवणे हाही नाश.

आता समीक्षेचा प्रश्न. तबकडी नामंजूर का होते? कधी खाचेत दोष असतो. कधी आवाज जोरात लागून खाच फाटते. कधी गाणे तीन-सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेत बसत नाही. कधी विक्रीचा हिशेब आड येतो. आणि कधी कलावंतालाच ते रुचत नाही. ह्यांपैकी शेवटचे कारण तेवढे कलाविषयक आहे. पण ‘नामंजूर’ हा एकच शब्द सर्वांना झाकून टाकतो. तार स्वराकडे जाताना अख्तर ह्यांचा आवाज क्षणभर फुटे आणि रसिक त्या फुटीचीच वाट पाहत. यंत्रापुढे बसलेल्याला जो दोष वाटावा, तोच रसिकाला प्राण वाटावा, असा हा प्रसंग आहे. म्हणून नकाराचे कारण शोधल्यावाचून नाकारलेल्या तबकडीविषयी मत देणे धाडसाचे ठरेल.

येथे पाठचिकित्सेचा दाखला उपयोगी पडतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पुरी केली. तीत स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद खाली, अशी मांडणी आहे. परंतु पोथीतील पाठभेद पुष्कळदा लेखनिकाच्या प्रमादातून किंवा भरीतून येतो. ठुमरीतील पाठभेद प्रतिभेतून येतो. तोच बोल दुसऱ्यांदा निराळ्या स्वरांनी उचलणे हा मूळ पाठाचा भ्रंश नव्हे, ते त्या कलेचे स्वरूपच आहे. दोन तबकड्या शेजारी ठेवल्या, तर कलावंताच्या मनात आधी ठरलेले काय होते आणि गाता गाता सापडले काय, हे प्रथमच वेगळे करता येते. एकट्या प्रकाशित तबकडीतून हे ज्ञान मिळत नाही. म्हणून चाचणी-तबकडीची जागा तळटीपेत नसून प्रकाशित तबकडीच्या शेजारी आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. कलावंताने जे नाकारले ते त्याच्या पश्चात उघड करणे हा अधिक्षेप नव्हे काय? जेथे नकार निश्चितपणे कलावंताचा आहे, तेथे ती तबकडी अभ्यासकाला खुली असावी. नवी कलाकृती म्हणून ती विक्रीस काढू नये. अभ्यास आणि प्रकाशन ह्यांतील हा भेद कवीच्या खर्ड्यांबाबत आपण पाळतो. गायिकेच्या बाबतीत तो सोडण्याचे कारण नाही.

संग्राहकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. संस्था उदासीन असताना त्यांनीच हा ठेवा वाचविला. 1990 मध्ये मुंबईत त्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. तथापि आपल्याकडेच असल्याचा अभिमान आणि टिकविण्याची जबाबदारी ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. योग्य सुईने एकदाच वाजवून तिची प्रत करावी, कडेच्या कोऱ्या भागात कोरलेले क्रमांक टिपून घ्यावेत, आणि प्रत सार्वजनिक संग्रहालयात ठेवावी. एवढे झाले तरच दुर्मिळ वस्तू पुरावा बनते.

भास्करबुवा बखले ह्यांचा आवाज तबकडीवर उरला नाही. त्यांचे थोरपण आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून अनुमानतो. तेथे उपाय नाही. अख्तर ह्यांना जाऊन, 1974 पासून मोजले तर, अर्धशतक उलटले. लखनौच्या पसंदबाग भागातील त्यांच्या कबरीची डागडुजी 2012 मध्ये झाली. दगडाची दुरुस्ती उशिराही होऊ शकते. सुटलेला रोगणाचा थर मात्र पुन्हा बसविता येत नाही. त्यांच्या गायकीवरील आपला निर्णय पुरेशा पुराव्यावर उभा राहायचा असेल, तर हे काम समीक्षेने आपले मानले पाहिजे.