प्रेक्षक सांगतो ते, आणि त्याला म्हणायचे असते ते

लोणावळ्याच्या काही विद्यार्थ्यांनी मावळातल्या भातलावणीवर गाण्याचा व्हिडिओ केला आणि पुरा होण्याआधी तो एका गावात दाखवला. बहुतेकांनी ‘छान’ म्हटले. इतका निरुपयोगी अभिप्राय दुसरा नाही! एका आजींनी मात्र विचारले, ‘हिच्या पायाला चिखल कसा न्हाई?’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘धबधबा लई झाला.’

मुलांनी नायिकेला चिखलात उतरवले. आता तेच दृश्य सर्वांत जिवंत वाटते. धबधबा मात्र त्यांनी समूळ कापला. हे मला पटले नाही. त्याच्या आवाजात गाण्याचे शब्द बुडत होते, एवढीच खरी अडचण. आवाज उतरवला असता तरी भागले असते.

१८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकांत ‘वन्समोअर’ने पदे बहरली, पण नाट्य ताटकळत राहिले. रसिकांची दाद खरी होती. तिच्यामागे किती जायचे, हे ठरवणे नाटकवाल्यांचे काम होते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला घरी आलेला भाचा आपला व्हिडिओ दाखवील, तेव्हा नुसते ‘छान’ म्हणू नका. कुठे कंटाळलात, तेवढे नेमके सांगा. उपाय त्याचा त्याला शोधू द्या.