‘इन जस्टिस’: शेवटच्या दृश्याविषयीं

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीनें २००६ सालीं दाखविलेल्या ‘इन जस्टिस’ या १३ भागांच्या मालिकेंत निरपराध बंदिवानांस सोडविणाऱ्या वकिलांच्या कथा आहेत. प्रत्येक कथेच्या आरंभीं गुन्हा ज्यूरीनें जसा मानला तसा घडतांना दिसतो. शेवटीं तोच प्रसंग खऱ्या रूपांत येतो. पहिल्या दृश्यावर आपणहि निमूटपणें विश्वास ठेवतों, आणि निरपराध्यास शिक्षा कशी होते हें व्याख्यानावांचून कळतें. या युक्तीबद्दल रॉबर्ट व मिशेल किंग या लेखक-दांपत्यास आम्ही मनःपूर्वक शाबासकी देतों. काइल मॅक्लॅक्लन यांचा मिजासखोर वकीलहि गमतीचा आहे; बाकीच्या पात्रांविषयीं लिहिण्याजोगें फारसें नाहीं.

शेवटचें दृश्य मात्र आम्हांस खटकतें. १९९२ सालीं न्यूयॉर्कांत बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड यांनीं स्थापिलेल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’नें डीएनए तपासणीच्या बळावर अनेकांस सोडविलें. पण ही तपासणी पुष्कळदां एवढेंच सांगते कीं, हा तो मनुष्य नव्हे. खरा अपराधी कोण, हें कित्येक खटल्यांत कधींच उमगत नाहीं, आणि सुटून आलेल्यावर खिळलेली लोकांची संशयी नजरहि मग हटत नाहीं. मालिका मात्र खरा अपराधी हटकून हजर करून प्रेक्षकास निश्चिंत मनानें झोंपीं धाडते. जिनें आरंभीं डोळ्यांवरचा विश्वास उडविला, तिनेंच शेवटीं तो परत मागावा, हें काय?