रॅप्सनच्या ग्रंथात नसलेले राजे

तिरोड्यात काय नि पुण्यात काय, जुनी नाणी जमवणारा माणूस नवा सूचिग्रंथ हाती आला की आधी आपल्याजवळचं नाणं त्यात शोधतो. सापडलं नाही, तर ग्रंथ अपुरा ठरतो. या कसोटीवर ई. जे. रॅप्सन यांचा ब्रिटिश म्युझियमचा सूचिग्रंथ (१९०८) केव्हाच नापास झाला आहे. आंध्र म्हणजे सातवाहन, पश्चिमी क्षत्रप, त्रैकूटक आणि बोधी या घराण्यांच्या नाण्यांचा हा ग्रंथ. त्यात नसलेली सातवाहन नाणी गेल्या शतकभरात ढिगाने सापडली. तरीही तो वाचनीय राहिला, आणि त्याचं कारण त्याच्या मांडणीत आहे.

रॅप्सन केंब्रिजचे संस्कृतचे प्राध्यापक. नाण्यांच्या नोंदींआधी त्यांनी प्रस्तावनेलाच सुमारे दोनशे पानं दिली आहेत. नाशिक, कार्ले, कान्हेरीचे लेख, पुराणांतल्या राजावळी आणि नाण्यांवरची नावं तिथे एकमेकांसमोर उभी केली आहेत. पुराण काही सांगतं, लेण्यातला लेख दुजोरा देतो किंवा देत नाही, मग नाण्याला विचारायचं. वाचताना साक्षीपुरावे चालल्यासारखं वाटतं. यातला एक मोठा साक्षीदार भारतीयच आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा क्षत्रपांवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर रॅप्सन यांनीच १८९० मध्ये संपादून छापला होता. या ग्रंथाची मुळं त्या कामात खोलवर गेली आहेत.

ग्रंथाची खरी गोडी मात्र कोरड्या दिसणाऱ्या नोंदींत आहे. आपल्या विदर्भातली पोटीन या मिश्रधातूची नाणी घ्या. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणं लहान, ठसा मोठा. त्यामुळे राजाचं पूर्ण नाव एका नाण्यावर सहसा मावतच नाही. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरं, तिसऱ्यावर शेवट. अशा वेळी डोळ्यांना काय दिसलं आणि विद्वत्तेने काय जुळवलं, यात फरक राखणं हीच सूचिकाराची नीती. धातू, आकार, वजन, अक्षरं, छायाचित्र असा सगळा ऐवज रॅप्सन समोर ठेवतात. त्यांचा निष्कर्ष पटला नाही, तर तो तपासायची सामग्रीही तेच देतात.

ती तपासणी पुढे विदर्भातच झाली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या निधीतल्या काही नाण्यांवरून कृष्ण नावाचा एक उत्तरकालीन सातवाहन राजा या ग्रंथात आला होता. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळे इथे दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांचा निधी सापडला. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो वाचला. त्यांच्या मते कृष्ण समजलेल्या त्या राजाचं नाव कर्ण होतं. शिवाय कुंभ सातकर्णी हा नवाच राजा पुढे आला. कुंभ आणि कर्ण ही नावं पुराणांच्या यादीतही नाहीत. म्हणजे इथे रॅप्सन आणि पुराणकार दोघेही अपुरे ठरले, आणि ते अपुरेपण मंगरूळपीर तालुक्यातल्या या एका गावच्या मातीने दाखवलं.

चांदीच्या नाण्यांचीही हीच गत. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये भगवानलालांना सातवाहन राजा यज्ञश्रीचं चांदीचं नाणं मिळालं. राजाचा मुखवटा असलेलं सातवाहन नाणं म्हणून रॅप्सनपुढे यज्ञश्रीच होता. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीसारख्या राजांचीही तशी नाणी निघाली. घराण्याचा संस्थापक सिमुक तर या ग्रंथात नाण्यावाचूनच आहे. त्याच्या नावाची नाणी गोदावरीकाठच्या कोटिलिंगाल इथून फार नंतर प्रकाशात आली.

मग सूचिग्रंथ पूर्ण आहे का, हे पाहायचं कसं? पानं मोजून ते कळत नाही. नवं नाणं समोर ठेवावं आणि त्याची जागा ग्रंथात ठरवता येते का, ते पाहावं. कुंभाचं नाणं रॅप्सनमध्ये नाही. पण हत्ती, उज्जैन चिन्ह, धातू, अक्षरांचं वळण यांवरून ते कोणाच्या शेजारी बसेल हे तोच ग्रंथ सांगतो. नवा राजा ओळखायला जुनी चौकट उपयोगी पडावी, याहून मोठी शाबासकी सूचिकाराला कोणती?

एक गोष्ट मात्र कोणताही सूचिकार घरबसल्या भरून काढू शकत नाही. नाणं कुठे आणि कशासोबत सापडलं, ही ती गोष्ट. तऱ्हाळ्याची नाणी सुटी सुटी सराफाकडे गेली असती, तर अर्धवट अक्षरं एकमेकांशी जुळलीच नसती. वैनगंगेच्या खोऱ्यात तिरोडाही आहे आणि १९६९-७० मध्ये जिथे उत्खनन झालं ते सातवाहनकालीन पवनीही. इथल्या शेतात नाणी निघाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असतात. सापडल्या जागेची नोंद झाली, तरच पुढच्या सूचीत त्यांना नीट जागा मिळेल.