‘शोथघ्न’ : एका विशेषणाचा विचार

वनस्पतिजन्य औषधांविषयीच्या मराठी लेखनात ‘शोथघ्न’ हे विशेषण सर्रास योजिले जाते. हळद शोथघ्न, गुळवेल शोथघ्न, निर्गुंडीही शोथघ्न. माजिवड्याच्या औषधविक्रेत्याकडे गिऱ्हाईक ‘सुजेवरचे औषध’ मागते. शास्त्रीय लेखन त्याच मागणीला संस्कृत वेष चढविते. अर्थाची संदिग्धता मात्र कायम राहते.

‘शोथ’ व ‘श्वयथु’ हे शब्द फुगणे या अर्थाच्या ‘श्वि’ धातूपासून साधले जातात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही सेल्ससने पहिल्या शतकात सांगितलेली चार लक्षणे ज्यात एकत्र येतात, तो विकार नुसत्या फुगण्याहून निराळा. माधवनिदानात शोथ व व्रणशोथ यांची प्रकरणे स्वतंत्र आहेत. ‘संधिशोथ’ घडविणाऱ्या आधुनिक परिभाषेने मात्र एकट्या ‘शोथा’वर दोन्ही अर्थांचा भार टाकला. याचा परिणाम केवळ शाब्दिक नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने पाय सुजलेला रोगी सांध्यांवरील औषध ‘सुजेवरचे’ म्हणून घेत राहिला, तर मूळ रोगाचे निदान लांबते.

दुसरी संदिग्धता द्रव्याची. हळद म्हणजे कुर्कुमीन नव्हे. वाळलेल्या हळदीत ते साधारणतः शेकडा २ ते ५ असते आणि आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. म्हणून पेशींवरील प्रयोगांचे निष्कर्ष हळदीच्या दुधास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

या दृष्टीने पुण्याचे अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी लक्षणीय होय. गुडघ्यांच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, सुंठ, गुळवेल आदींच्या अर्कांची मिश्रणे आणि तुलनेस ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब, सारे निश्चित. वेदना व हालचाल यांबाबत मिश्रणे तुल्यबळ ठरली. काही रुग्णांत यकृताचे एक विकर वाढल्याची नोंदही तीत आहे. मात्र हा पुरावा त्या मिश्रणांचा व त्या विकाराचा. सुट्या गुळवेलीचा किंवा सर्व शोथांचा नव्हे.

कळलावीचे उदाहरण अधिक बोलके आहे. येऊरच्या डोंगरांत पावसाळ्यात फुलणाऱ्या या वेलीत कोल्चिसीन असते. गाउटच्या तीव्र झटक्यावर ते गुणकारी, पण अतिमात्रेत प्राणघातक. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून पडलेले तिचे लोकनाम गुण सांगते, मात्रा सांगत नाही.

‘शोथघ्न’ या विशेषणाचेही असेच आहे. ते टाकून देण्याचे कारण नाही. परंतु कोणते द्रव्य, कोणत्या रोगात, किती मात्रेत आणि कशाच्या तुलनेत, हे सांगितल्यावाचून त्याला शास्त्रीय विधानाची योग्यता येत नाही.